डॉक्टर एक आणि रांग मोठी



गेल्या महिन्यात आमच्या आईला घेऊन आम्ही वस्तीतल्या दवाखान्यात गेलो होतो. काम एवढेच, की रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या आणि नवी चिठ्ठी हवी होती. संध्याकाळी सहा वाजता नंबर लावला. आत जायला सव्वाआठ झाले.

बाकावर बसल्या बसल्या आम्ही आजूबाजूला पाहिले. एकाला कारखान्यात द्यायला आजारपणाचा दाखला हवा होता. एका मावशींना पायाच्या जखमेची पट्टी बदलून घ्यायची होती. एक आजोबा साखरेचा रिपोर्ट दाखवायला आले होते. एकाची कंबर धरली होती. आणि आमच्या मागे एका तरुण बाईच्या मांडीवर सहा महिन्यांचे बाळ तापाने फणफणले होते. आम्ही तिला आमच्या पुढे घेतले. पण आमच्याही पुढे जे बसले होते त्यांना कोण सांगणार? कंपाउंडर नंबराप्रमाणे नाव पुकारीत होता. तोच त्याचा नियम.

आमचे डॉक्टर भला माणूस आहेत. गरिबाकडे पैसे नसले तर मागत नाहीत. पण एका रात्रीत एवढी माणसे तपासायची म्हटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. दोन मिनिटांत दाखला देता येतो, गोळ्या लिहिता येतात. दोन मिनिटांत माणूस समजत नाही.

हे आम्ही उगीच म्हणत नाही. आमच्या शेजारचा एक भाऊ सफाई कामगार आहे. मागील वर्षी तो याच रांगेत तीनदा बसला. तीनदा त्याला खोकल्याचे औषध मिळाले. खोकला किती आठवड्यांचा आहे, हे त्याला कोणी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. रांगेत मागे माणसे खोळंबली असताना गरीब माणूस बोलायला संकोचतो. शेवटी त्याच्या आईच्या लक्षात आले की पोराचा सदरा सैल झाला. महापालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासली. क्षय निघाला. दोन आठवडे वा त्याहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासावी, हा साधा नियम आहे. तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. आमच्या डॉक्टरांना हे ठाऊक नव्हते का? नक्कीच होते. पण विचारायला वेळ नव्हता. सहा महिन्यांच्या औषधाने तो भाऊ बरा झाला. परंतु निदान होण्यापूर्वीचे आठवडे तो दहा बाय दहाच्या खोलीत बायको आणि दोन मुलांसह झोपत होता, ते आठवडे परत कसे आणणार?

मग दोष कोणाचा? आम्ही कचेरीत कारकुनी करतो. तेथील अनुभवाने सांगतो. प्रत्येक कागद साहेबांच्याच टेबलावर गेला पाहिजे असा नियम केला की साहेब कितीही हुशार असोत, ढीग साचतोच. मग महत्त्वाचा कागद ढिगाच्या तळाशी आणि रजेचा अर्ज वर, असे होते. शहाणी कचेरी आवक बारनिशीपाशीच टपालाची वर्गवारी करते. जे कारकुनाने करायचे ते कारकून करतो, जे हेडक्लार्कने करायचे ते हेडक्लार्क. साहेबांपुढे तेवढेच जाते जे साहेबांनीच पाहिले पाहिजे. दवाखान्यात हे का होऊ नये?

हा विचार मनात असतानाच इंग्लंडमध्ये असलेल्या आमच्या पुतणीचा फोन आला. ती रागावली होती. म्हणाली, "काका, पाठ दुखते म्हणून इथल्या दवाखान्यात फोन केला, तर यांनी मला डॉक्टर दिलाच नाही. फिजिओथेरपिस्टकडे पाठवले." आम्ही विचारले, "अगं, मग त्याने केले काय?" तर म्हणाली, "अर्धा तास तपासले. व्यायाम शिकवले. बरे वाटतेय आता. पण डॉक्टर नाही तो नाहीच!"

पुतणीच्या या तक्रारीने आम्हाला कुतूहल वाटले आणि तिकडची व्यवस्था आम्ही समजून घेतली. ती आपल्या वाचकांपुढे ठेवावी असे वाटते. त्यांच्या चांगल्या गोष्टींतून शिकता येते आणि चुकांतून त्याहून अधिक.

इंग्लंडमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. प्रत्येक माणसाचे नाव एका स्थानिक दवाखान्यात नोंदलेले असते. तिथला फॅमिली डॉक्टर हे आजाराचे पहिले दार. मोठ्या इस्पितळातील तज्ज्ञाकडे जायचे तर बहुधा त्याच्याच चिठ्ठीने. डॉक्टरला फी द्यावी लागत नाही. दवाखान्याला पैसा मिळतो तो मुख्यतः नोंदलेल्या डोक्यांच्या हिशेबाने, सरकारकडून. खाणकामगारांच्या आणि गिरणी कामगारांच्या ज्या गावांत तिकडचे डॉक्टर जायला नाखूश असत, तिथे भारत-पाकिस्तानातून गेलेल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे दवाखाने चालवले, हेही आपण लक्षात ठेवावे.

पण माणसे वाढली, म्हातारी झाली. एकेकाला दोन-दोन, तीन-तीन जुने आजार. डॉक्टर मात्र त्या प्रमाणात वाढले नाहीत. २०१५ साली सरकारने पाच वर्षांत ५ हजार जादा फॅमिली डॉक्टर देण्याचे वचन दिले, ते पुरे झाले नाही. २०१९ साली ६ हजारांचे वचन दिले, तेही नाही. तिथे पूर्ण वेळ काम करणाऱ्या एका डॉक्टरमागे सुमारे बावीसशे माणसे नोंदलेली आहेत. भेटीचा वेळ साधारण दहा मिनिटे. आपल्या दोन मिनिटांपुढे दहा मिनिटे म्हणजे चैन वाटेल. पण सकाळी आठ वाजता फोन लावायचा आणि तो लागेपर्यंत दिवसाच्या वेळा संपलेल्या, ही तिकडची रांग आहे. रांग बाकावर नसून फोनवर आहे, एवढाच फरक.

यावर त्यांनी जो उपाय काढला तो असा. जुलै २०१९ पासून शेजारच्या दवाखान्यांचे गट केले. एका गटात साधारण ३० ते ५० हजार लोकवस्ती. या गटांना सरकारने पैसे दिले आणि सांगितले, डॉक्टरच्या जोडीला इतर जाणकार माणसे नेमा. औषधांचा हिशेब ठेवणारा फार्मासिस्ट. सांधे, पाठ, गुडघे पाहणारा फिजिओथेरपिस्ट. घरी जाऊन म्हाताऱ्या माणसाला तपासणारा पॅरामेडिक. मनाच्या आजाराचा कार्यकर्ता. मार्च २०२४ पर्यंत अशी २६ हजार माणसे नेमायची होती. हे लक्ष्य त्यांनी मुदतीच्या आधीच गाठले.

यात शहाणपण आहे. फॅमिली डॉक्टरकडे येणाऱ्या पाच रोग्यांतला एक तरी हाडा-सांध्याच्या दुखण्याने येतो असे तिकडे धरतात. मग त्या एकाला थेट फिजिओथेरपिस्टने पाहिले तर डॉक्टरचाही वेळ वाचतो आणि रोग्यालाही योग्य माणूस मिळतो. आमच्या पुतणीचे तेच झाले. ३१ जानेवारी २०२४ पासून तर सात साध्या तक्रारी औषधाच्या दुकानातला फार्मासिस्टच पाहू लागला. घसा, कान, सायनस, नागीण, किडा चावून झालेला जंतुसंसर्ग, त्वचेवरचे पुवाचे फोड आणि स्त्रियांचा लघवीचा साधा संसर्ग. नियम ठरवून दिलेले आहेत. त्याबाहेरचे काही दिसले की रोगी डॉक्टरकडे.

आणखी एक पद आम्हाला फार आवडले. काही माणसे दवाखान्यात येतात, पण त्यांचे खरे दुखणे औषधाने बरे होणारे नसते. नवरा वारलेला, मुले दूर, भाड्याची थकबाकी, घरात ओल. अशा माणसाशी निवांत बोलून त्याला योग्य त्या संस्थेशी, मंडळाशी, सरकारी योजनेशी जोडून देणारा एक दुवा कार्यकर्ता नेमतात. पूर्व लंडनच्या गरीब कामगार वस्तीत ब्रॉमली बाय बो नावाचे केंद्र १९८४ पासून आहे. दवाखाना, बाग, शिक्षणाचे वर्ग, कर्जबाजारी माणसाला सल्ला, असे सारे तिथे एका ठिकाणी मिळते. आपल्या चळवळीतले कार्यकर्ते हेच काम बिनपगारी करीत आले आहेत. रेशनकार्ड, विधवा पेन्शन, दाखले, इस्पितळात खाट मिळवणे. तिकडे त्याला पगार आणि टेबल मिळाले.

पण बंधु-भगिनींनो, नाण्याला दुसरी बाजू आहे.

पहिली चूक पैशाच्या अटीत होती. सुरुवातीच्या वर्षांत हा निधी डॉक्टर नेमायला वापरताच येत नसे. परिणाम असा झाला, की रोगी डॉक्टरसाठी ताटकळत आणि नवे शिकून तयार झालेले डॉक्टर नोकरीसाठी वणवण फिरत, असे विचित्र चित्र दिसले. ऑक्टोबर २०२४ पासून अट सैल केली आणि एक हजार नव्या डॉक्टरांसाठी वेगळा पैसा ठेवला. दुसरी अडचण अशी, की माणसे नेमली, पण त्यांना बसायला खोल्या नाहीत. त्यांच्यावर देखरेख करायची ती पुन्हा त्याच थकलेल्या डॉक्टरने. म्हणजे ओझे उतरवायला आलेला माणूसच काही काळ ओझे झाला.

तिसरी चूक प्राणावर बेतली. फिजिशियन असोसिएट नावाचे एक पद आहे. पदवीनंतर दोन वर्षांचे शिक्षण घेऊन ही मंडळी डॉक्टरच्या हाताखाली काम करतात. २०२२ साली लंडनमधील ३० वर्षांची एक तरुणी पायाचे दुखणे आणि दम लागणे घेऊन स्थानिक दवाखान्यात दोनदा गेली. दोन्ही वेळा तिला अशाच असोसिएटने पाहिले. आपण डॉक्टरला भेटलो अशी तिची समजूत होती. रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती, ती ओळखली गेली नाही आणि ती गेली. तिला तातडीने इस्पितळात पाठवले असते तर ती बहुधा वाचली असती, असे मृत्यूच्या चौकशीत निघाले. त्यानंतर देशभर वाद पेटला. सरकारने नेमलेल्या प्राध्यापक लेंग यांच्या समितीचा अहवाल जुलै २०२५ मध्ये आला. या पदाचे नाव बदलून 'सहायक' असे करा, ते डॉक्टर नाहीत हे रोग्याला स्पष्ट दिसू द्या, आणि ज्याचा आजार अजून ठरलेला नाही असा नवा रोगी त्यांच्यापुढे पाठवू नका, असा त्याचा मथितार्थ.

आमच्या कारकुनी भाषेत सांगायचे तर काम वाटता येते, जबाबदारी वाटून टाकता येत नाही. कचेरीत आलेल्या गरीब माणसाला "हे माझे टेबल नाही" हे वाक्य किती वेळा ऐकावे लागते, ते आम्ही रोज पाहतो. पाच टेबले केली म्हणजे काम पाचपट वेगाने होते असे नाही. कधी कागद पाच ठिकाणी फिरतो आणि कोणाचाच राहत नाही. दवाखान्यात तो कागद नसतो, माणूस असतो. म्हणून पथक कितीही मोठे असो, या रोग्याचा शेवटचा जबाब कोण देणार, हे एका माणसाच्या नावे लिहिलेले असले पाहिजे.

नॉर्वे देशात सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासून २०२२ साली एक अभ्यास छापून आला. ज्यांचा फॅमिली डॉक्टर पंधरा वर्षांहून अधिक काळ तोच होता, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण नुकताच डॉक्टर बदललेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी दिसले. ओळखीचा डॉक्टर हेही एक औषध आहे. पथकाने ते औषध काढून घेता कामा नये.

आणि गरिबाच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहिले पाहिजे. वेल्समधील ग्लिनकॉरुग या खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्युडर हार्ट नावाचे डॉक्टर होते. वर्षानुवर्षे त्यांनी त्या गावकऱ्यांत काम केले. १९७१ साली त्यांनी एक सिद्धान्त मांडला. ज्यांना वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत जास्त, त्यांनाच ती सर्वांत कमी मिळते. आणि आरोग्य जितके बाजाराच्या हाती, तितके हे अधिक घडते. आपल्या वस्तीतल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. म्हणून श्रीमंताला डॉक्टर आणि गरिबाला मदतनीस, असे पथकाचे रूप होत असेल तर ते आपल्याला मान्य नाही. डॉक्टरऐवजी पथक नको. डॉक्टरसह पथक हवे.

हे आपल्याकडे जमेल काय, असे कोणी विचारील. आपल्याकडे ते पन्नास वर्षांपूर्वी झाले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने नगर जिल्ह्यातील दुष्काळी जामखेडला काम सुरू केले. आधी त्यांनी गावोगाव शिकलेल्या नर्स पाठवून पाहिल्या, ते फारसे जमले नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या. पुष्कळशा निरक्षर, त्यांत आपल्या दलित समाजाच्या भगिनीही. त्यांना जामखेडला बोलावून शिकवले. सगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवल्या, एकत्र झोपल्या. सुरुवातीला हे सोपे गेले नाही. पण ज्या बाईच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते, तिच्या हाती गावाने आपली बाळंतीण दिली. गावात ही आरोग्य सेविका, तिच्या पाठीशी फिरते पथक, त्याच्या पाठीशी डॉक्टर आणि इस्पितळ. प्रत्येकाला आपली हद्द ठाऊक आणि पुढे कोणाकडे पाठवायचे तेही ठाऊक. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आज सरकारची व्यवस्थाही कागदावर पथकाचीच आहे. सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ५ हजारांमागे एक उपकेंद्र. उपकेंद्रात आरोग्य सेविका, आरोग्य सेवक, गावात आशाताई. त्यात समुदाय आरोग्य अधिकारी जोडून उपकेंद्राचे आरोग्यवर्धिनी केंद्र करण्याची योजना आली. तिच्या पहिल्या केंद्राचे उद्घाटन १४ एप्रिल २०१८ रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिनी, छत्तीसगडमधील जांगला गावी झाले. २०२३ पासून या केंद्रांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासणे, जुन्या रोग्याला गोळ्या देत राहणे, ही कामे तिथे व्हायची आहेत. आमच्या आईचे दोन तास ज्या कामात गेले, नेमके तेच काम.

पण या पथकाच्या सर्वांत खालच्या पायरीवरची आशाताई आजही कर्मचारी नव्हे, 'स्वयंसेविका' आहे. तिला वेतन नाही, मानधन आहे, आणि त्यासाठीही तिला वेळोवेळी संप करावे लागले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. गौरवाने चूल पेटत नाही. जिच्या खांद्यावर इमारत उभी करायची, तिलाच पगार नसेल तर ती इमारत किती दिवस टिकेल?

आता आपण काय करावे? आमच्या मते चार गोष्टी आजच करता येतील.

एक, कोणत्याही दवाखान्यात तपासणाऱ्याला नम्रपणे विचारावे, "आपले नाव काय, आपण डॉक्टर की नर्स की आणखी कोणी?" यात अपमान नाही. हा आपला हक्क आहे.

दोन, घरातल्या प्रत्येक जुन्या रोग्याची एक वही करावी. रक्तदाब, साखर, चालू गोळ्या आणि तारखा. पथकातल्या कोणाकडेही गेलो तरी वही बोलेल. आणि डॉक्टरपुढे बसल्यावर पहिले वाक्य हेच असावे, की दुखणे किती दिवसांचे आहे.

तीन, महिला मंडळांनी आपल्या भागाची आशाताई आणि उपकेंद्र किंवा महापालिकेचा दवाखाना यांची माहिती काढावी. कोणती पदे मंजूर, कोणती भरलेली, कोणत्या वेळेला कोण असते. पदे रिकामी असतील तर अर्ज करावा. अर्जाचा मसुदा लिहून द्यायला आम्ही आहोत.

चार, आपल्या मुला-मुलींना सांगावे की डॉक्टर झाले नाही म्हणजे आयुष्य वाया गेले असे नाही. नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, समाजकार्य, ही सारी माणूस वाचवणारीच शिक्षणे आहेत. ज्या घरातली मुलगी नर्स आहे, त्या घराने तिची ओळख मान वर करून द्यावी.

आमच्या डॉक्टरांपुढेही आम्ही हे मांडले. कंपाउंडरला एवढेच शिकवा, म्हटले, की नंबर देताना प्रत्येकाला दोन प्रश्न विचार. काय होते आणि किती दिवस? लहान बाळाचा ताप, छातीत दुखणे, दम लागणे, त्यांना नंबर नाही, ते थेट आत. पंधरा दिवसांवरचा खोकला असेल तर चिठ्ठीवर लाल खूण. डॉक्टर हसले. म्हणाले, "साहेब, तुम्ही माझ्या दवाखान्याची कचेरी करणार!" पण गेल्या आठवड्यात आईच्या गोळ्या आणायला गेलो, तेव्हा टेबलावर एक लाल पेन ठेवलेला दिसला.